वेढ्यात बसून करायचं काय?

प्रश्न : गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांनी पन्हाळा केला होता. दिवाळी सरली तरी मोडवेना, म्हणून मी आणि माझ्या भावाने त्यावर प्लास्टिकचे सैनिक मांडून युद्धखेळ सुरू केला. भाऊ सिद्दी जौहर, मी गडावर. नियम इंटरनेटवरून उतरवलेले, मैदानी लढाईचे. तीन रविवार खेळलो. भाऊ फासे टाकतो, तोफा डागतो, तटाचे गुण एकेक करून कमी होतात. मी नुसता बसून. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, ‘तू झोप थोडा वेळ, तट पडला की उठवतो.’ वेढ्याचा खेळ मुळातच कंटाळवाणा असतो का? की आम्ही सरळ मैदानातल्या लढायाच खेळाव्यात?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या भावाचं वाक्य वाचलं आणि मला आमचे बँकवाले आठवले. आमच्या रविवारच्या मंडळींपैकी हे एक, बँकेतून निवृत्त. चार वर्षांपूर्वी मी चाकणच्या वेढ्याचा खेळ केला होता. ३१ वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केलेला माणूस मी, त्यामुळे नकाशा असा देखणा झाला की विचारू नका. संग्रामदुर्गाचे, म्हणजे चाकणच्या किल्ल्याचे बुरूज, खंदकातलं हिरवट पाणी, मोगलांचे मोर्चे (तोफा डागायच्या आडोशाच्या जागा), सगळं शाईने काढून रंगवलेलं. बँकवाले फिरंगोजी नरसाळा झाले, मी शाहिस्तेखान. चौथ्या पाळीला त्यांनी हळूच पेपर ओढला आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. मी तोफा डागतोय, आणि पलीकडून प्रश्न येतो, ‘चार अक्षरी, इलाज नसणं?’ मी काही बोलायच्या आत त्यांनीच लिहिलं : निरुपाय.

तेव्हा वाईट वाटलं होतं. पण चूक त्यांची नव्हती आणि वेढ्याचीही नव्हती. मी वेढ्याची लढाई करून टाकली होती, तुम्हीही तेच केलंय. मैदानात प्रश्न असतो, फौज कुठे न्यायची. वेढ्यात ते आधीच ठरलेलं असतं. गड हलत नाही, खंदक हलत नाही, खानाची छावणीही महिनोन् महिने एका जागी. उरतं ते ‘कधी’. सुरुंग कधी पेटवायचा, रात्री बाहेर पडून मोर्चे कधी मारायचे, बोलणी कधी लावायची आणि किल्ला कधी सोडायचा. तटाचे गुण मोजत बसलं की हे सगळे ‘कधी’ पटावरून नाहीसे होतात आणि मागे राहतो पाडकामाचा ठेका.

म्हणून सगळ्यात आधी पटाच्या कडेला पंचांग मांडा. चाकणचा वेढा २१ जून १६६० ला पडला, १४ ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला, दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. म्हणजे सुरुंगापर्यंत ५४ दिवस. तीन दिवसांची एक पाळी धरली तर अठरा पाळ्या, चहापाण्यासकट अडीच तासांत बसतात. तीनच दिवस का, तर ते मी पुरंदरवरून घेतलं. १६६५ मध्ये मिर्झाराजांच्या लोकांना पुरंदरला लागूनच्या वज्रगडासमोर ‘अब्दुल्लाखान’ नावाची तोफ चढवायला तीन दिवस लागले आणि ‘फत्तेलष्कर’ला साडेतीन. एका पाळीत एक तोफ वर जाते, दुसरं काही होत नाही. मैदानी खेळात एका पाळीत अख्खं घोडदळ पटाच्या या टोकाचं त्या टोकाला जातं. त्या सवयीने वेढा खेळायला बसलं की झोप येणारच.

दुसरं म्हणजे किल्लेदाराची जीत कशात आहे ते ठरवा. आमच्या पहिल्या खेळात ‘किल्ला राहिला तर फिरंगोजी जिंकला’ असा नियम होता आणि किल्ला राहणं जवळजवळ अशक्य. कोण मन लावून खेळणार? खरं तर चाकणच्या किल्लेदाराला किल्ला राखायचाच नव्हता असं म्हटलं तरी चालेल. त्याला पावसाळा खायचा होता. एका भुईकोटासाठी खानाचे दोन महिने गेले, २६८ माणसं मेली, सहाशे जखमी झाली. तिथून खान पुण्याला आला आणि लाल महालात बसला. (पुढे एप्रिल १६६३ मध्ये काय झालं ते कसब्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.) आता आमचा नियम असा : बाराव्या पाळीनंतर किल्ला उभा असलेल्या प्रत्येक पाळीला किल्लेदाराला एक गुण, आणि फसलेल्या प्रत्येक हल्ल्याला खानाचे दोन गुण वजा. किल्ला पडूनही किल्लेदार जिंकू शकतो. हा एक नियम बदलला आणि बँकवाले खुर्ची पुढे ओढून बसले.

तिसरी गोष्ट लपवाछपवीची. ती नसेल तर बाकीचं सगळं फुकट. तुमच्या खेळात भावाला तुमचा तट दिसतो, माणसं दिसतात, धान्यही दिसतं. खऱ्या वेढ्यात बाहेरच्याला आतलं काही कळत नाही आणि आतल्याला जमिनीखालचं काही कळत नाही. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये सैन्यासाठी युद्धखेळ बांधला, तेव्हा त्यात पंच ठेवला होता. दोन्ही बाजूंचं खरं चित्र फक्त पंचाला ठाऊक. वेढ्याला असा पंच हवाच. आमच्याकडे माझी भाची पंच असते. इंजिनिअरिंगला आहे, दोन्ही बाजूंवर सारखीच खेकसते.

सुरुंग आम्ही चौकटीच्या वहीत खणतो. खान दर पाळीला एक चौकट पुढे सरकतो, वही पंचाकडे. मोर्च्यापासून बुरुजापर्यंत सात चौकटी. पावसाची चिठ्ठी निघाली तर ती पाळी वाया, भुयारात पाणी. किल्लेदाराकडे स्वयंपाकघरातल्या दोन छोट्या वाट्या. सुरुंगाची चाहूल घ्यायला जमिनीवर पाण्याचं भांडं ठेवून लहरी उठतात का पाहायचं, ही जुनी युक्ती आहे. नगाऱ्यावर वाटाणे ठेवूनही पाहत असत. किल्लेदार कुठल्याही दोन बुरुजांपाशी वाट्या ठेवतो. भुयार दोन चौकटींच्या आत आलं असेल तर पंच फासा टाकतो, पाच किंवा सहा पडले की म्हणतो, ‘पाणी हललं.’ खानही हे ऐकत असतोच. मग त्याने वळायचं की तसंच पुढे जायचं? आणि किल्लेदाराने आतून उलटं भुयार खणायचं, की तो बुरूज सोडून मागे मातीचा आडोसा घालायचा? आमच्या टेबलावर सगळ्यात मोठी शांतता या वेळी असते. कुकरची शिट्टी झाली तरी कोणी उठत नाही.

सुरुंग पेटवल्यावर फाशात एक पडला तर स्फोट उलटा. हा नियम साताऱ्याचा. एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याखाली दोन सुरुंग पेटवले. पहिल्याने आतली माणसं गेली, दुसऱ्याचा तट बाहेर कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीवाटीने उभ्या असलेल्या मोगलांचीच हजारांनी माणसं गाडली. खेळात हे सहापैकी एकदा होतं. ज्याचं होतं तो दोन आठवडे घरी बोलत नाही.

आता दाण्यांचा डबा. शिबंदीचं, म्हणजे किल्ल्यातल्या फौजेचं धान्य म्हणून आम्ही झाकणाच्या स्टीलच्या डब्यात शेंगदाणे ठेवतो. किती ते किल्लेदार आणि पंच यांनाच माहीत. दर पाळीला किल्लेदार एक चमचा दाणे काढतो, रात्री छापा घालायचा असेल तर दोन. खान डब्यात पाहू शकत नाही, पण ऐकू शकतो. डबा भरलेला असला की चमच्याचा आवाज येत नाही, तळाला आला की खरखर ऐकू येते. ही गोष्ट मी ठरवून केलेली नव्हती, तिसऱ्या-चौथ्या डावात लक्षात आली.

पहिल्यांदा लक्षात आली ती अर्थात बँकवाल्यांच्या. गेल्या श्रावणातला डाव. अकराव्या पाळीपासून त्यांचा चमचा खरखरायला लागला. मी म्हटलं, संपलं यांचं, आता हल्ला करून माणसं कशाला मारायची? थांबलो. बाराव्या पाळीला खरखर, तेराव्याला त्याहून जास्त. सुरुंग तयार होता तोही पेटवला नाही, उगाच एकचा फासा पडायचा. पंधराव्या पाळीला त्यांनी चेहरा पाडून कौलाची चिठ्ठी टाकली : शस्त्रांसह बाहेर जाऊ द्या, किल्ला घ्या. मी मोठ्या मनाने दिलं. भाचीने डबा उघडला. अर्धा भरलेला! गृहस्थ चार पाळ्या चमचा डब्याच्या बाजूला घासत होते. बारापुढच्या तीन पाळ्या खिशात घालून ते गुणांवर जिंकले आणि उरलेले दाणे आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ले. पेपर तसाच घडी घातलेला होता.

खरा किल्लेदार सहसा याच्या उलट करील, उपाशी असून भरल्यापोटीचं नाटक करील, कारण बाहेरच्याने कंटाळून उठावं असं त्याला वाटतं. पण दिवस काढण्यालाच जिथे किंमत आहे तिथे बाहेरच्याला आशेवर झुलवत ठेवण्यातही फायदा आहे. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं, डब्याने सांगितलं.

कौलाचं पान मात्र खेळात हवंच. फ्रान्सच्या वोबाँ नावाच्या लष्करी इंजिनिअरने वेढ्याचं शास्त्र इतकं बांधून दिलं की चांगला किल्ला किती दिवसांत पडावा याचं त्याच्याकडे ४८ दिवसांचं वेळापत्रक होतं. किल्लेदारालाही ते ठाऊक, त्यामुळे अमुक दिवशी मानाने बाहेर पडण्यात कमीपणा नसे. आपल्याकडे वेळापत्रक नव्हतं, दाम होता. औरंगजेबाने अखेरच्या वर्षांत सह्याद्रीतले कितीतरी किल्ले वेढा घालून शेवटी पैसे मोजून घेतले. १७०४ मध्ये तोरणा तेवढा लढून घ्यावा लागला. तेव्हा खानाला थैल्या द्या. सोळाव्या पाळीला फासा टाकायचा की थैली, हा विचार करणाऱ्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

आता तुमचा पन्हाळा. मार्चपासून खेळू नका. वेढ्यातले पहिले चार महिने खेळण्यात राम नाही. एका कागदावर लिहून टाका की रसद अमुक उरली, नेतोजी पालकरांचा बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न फसला, इंग्रजांच्या तोफा आल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. एक पाळी म्हणजे एक रात्र. तुमच्याकडे दोन पालख्या. कुठली खरी ते तुमच्या मुठीतल्या चिठ्ठीवर. बोलणी लावलीत की भावाचे पहारे ढिले होतात, पण बोलणी फार लांबवलीत तर त्याला संशय येतो आणि पहारे दुप्पट. पावसाची चिठ्ठी निघाली तर त्याच्या चौक्यांना दोन घरांपलीकडे दिसत नाही. १२ जुलैची रात्र इतिहासात ठरलेली असली तरी तुमच्या टेबलावर ठरलेली नाही, तुम्ही नऊलाही निघू शकता. आणि निघालात म्हणजे सुटलात असं नाही. साठ-एक किलोमीटरवर विशाळगड, आणि त्यालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा. एका वेढ्यातून निघून दुसरा फोडून आत शिरायचं, असा डाव कोणी मुद्दाम रचायला बसला तरी सुचणार नाही. घोडखिंडीसाठी तुमचे मैदानी नियम वापरा. तिथे ते शोभतात, कारण तिथे ‘कुठे’ हा प्रश्न आहे. झोपायला कोणाला वेळ मिळणार नाही, भावाला तर नाहीच.

हे अंगवळणी पडलं की मग आमच्या मंडळींचा सध्याचा उद्योग करून पाहा. २१ जून ते १२ जुलै १६६० या तीन आठवड्यांत चाकण आणि पन्हाळा दोन्ही वेढ्यात होते. राजे पन्हाळ्यावर अडकलेले, चाकणला मदत पाठवणार कोण? आम्ही दोन पट शेजारी मांडतो, पंचांग एक, आणि तिसऱ्या गड्याच्या हातात मोकळ्या फौजेची एकच सोंगटी. ती इकडे नेली तर तिकडचा ओरडतो. अजून नियम पुरते बसलेले नाहीत. परवा तर तिसरा गडीच रुसून घरी गेला.

सगळेच वेढे खेळण्याजोगे असतात असं मात्र नाही. जंजिरा मी दोनदा करून पाहिला आणि नाद सोडला. भर समुद्रातला किल्ला, रसद बोटीने आत येतेच, बाहेरच्याने करायचं काय? संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालायला घेतला होता. तो एक भाग रंगतो, बाकी नुसती भरती-ओहोटी. तमिळनाडूतली जिंजी वेढ्यात आठ वर्षं. तिचा खेळ करायचाच तर तटाचा करू नका, मोगल छावणीतल्या कुरबुरींचा करा. मोगल सेनापती झुल्फिकारखान वेढा मुद्दाम लांबवतोय असा वहीम त्याच्याच लोकांना होता. आणि तुम्हाला अडीच तासही नको असतील तर वेढाच नको, छापा घ्या. ४ फेब्रुवारी १६७० चा सिंहगड : एक रात्र, दोर, मूठभर माणसं. मराठ्यांकडे भिंती फोडणाऱ्या मोठ्या तोफा फारशा नव्हत्या, त्यामुळे त्यांनी किल्ले घेतले ते पुष्कळदा असे. तो खेळ कंटाळवाणा करून दाखवायला खास अक्कल लागेल.

प्रश्न : मी सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. तास ४० मिनिटांचा. एवढ्यात होईल असा वेढ्याचा खेळ आहे का? फासे आणि सैनिक विकत घेणं शाळेला जमणार नाही.
— एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : आहे, आणि खडूने फरशीवर काढता येतो. युरोपात त्याला ‘असाल्टो’ म्हणतात. अधिकच्या चिन्हासारखा ३३ ठिपक्यांचा पट. एका हाताचे सहा आणि त्याला लागून मधल्या चौकोनाच्या ओळीतले तीन, असे नऊ ठिपके म्हणजे किल्ला. आत दोन रक्षक, बाहेर २४ हल्लेखोर. हल्लेखोर रेषेवरून एक घर किल्ल्याच्या दिशेने किंवा बाजूला सरकतात, मागे फिरत नाहीत. रक्षक कुठेही जातात आणि उडी मारून हल्लेखोर खातात. खायची संधी चुकवली तर तो रक्षकच बाद. किल्ल्याचे नऊही ठिपके भरले किंवा दोन्ही रक्षक कोंडले की किल्ला पडला. मुलांना ‘वाघ-बकरी माहीत आहे ना, तसंच’ एवढं सांगितलं की पुरे. चिंचोके आणि दोन बाटल्यांची बुचं, खर्च शून्य. एक सांगतो, पहिल्या डावात हुशार मुलं रक्षक मागून घेतात आणि हरतात. खायचं सक्तीचं आहे हे हल्लेखोराच्या लक्षात आलं की तो एक चिंचोका पुढे करून रक्षकाला किल्ल्याबाहेर खेचतो. त्यावर वर्गात बोलायला दहा मिनिटं राखून ठेवा.

प्रश्न : १/७२ मापाचे सैनिक घेतले आहेत. त्याच मापात सिंहगड करायचा आहे. थर्माकोल घ्यावा की पुठ्ठा?
— एक वाचक, धायरी

उत्तर : आधी भागाकार करा. गड पायथ्यापासून सातशे मीटरच्या वर आहे. भागिले ७२, म्हणजे दहा मीटर. तीन मजली इमारत झाली. सोसायटीची परवानगी मिळत असेल तर जरूर करा. नसेल तर डोंगराचं माप आणि माणसांचं माप वेगळं ठेवा, सगळेच तसं करतात. गुडघ्याएवढा डोंगर पुरतो, कडा तेवढा ताठ हवा. थर्माकोल नको, त्याचे दाणे महिनाभर घरात सापडतात. पोत्याचं गोणपाट चिखलात बुडवून विटांवर टाका, दिवाळीच्या किल्ल्यासारखं. अळीव पेरणार असाल तर पाणी शिंपडायच्या आधी सैनिक उचला. आमचे अर्धे मावळे गंजलेले आहेत, प्लास्टिकचे असून. त्यांच्या तळाला मी लोखंडी वॉशर चिकटवले होते.